सहजीवनाची वाटणी

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. १६०८ साली जन्मलेला नारायण ठोसर वयाच्या बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा राहिला आणि मंगलाष्टकांतील 'सावधान' हा शब्द कानी पडताच मंडपातून निघून गेला, ही परंपरागत कथा मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे. त्या एका शब्दाने एक विवाह होता होता राहिला आणि महाराष्ट्राला एक संत लाभला. परंतु तोच शब्द ऐकूनही मंडपातच उभी राहिलेली, एकमेकांच्या गळ्यात माळा घालून पुढची साठ-साठ वर्षे एका चुलीच्या आधाराने काढलेली जोडपीही याच जिल्ह्यातील गावोगावी आहेत. त्यांची गणती कोणी केलेली नाही आणि त्यांचे स्मारक व्हावे असे त्यांनाही वाटत नाही. मात्र त्यांच्या वार्धक्याकडे पाहण्याची वेळ आता आली आहे. कारण त्या संसारांचा शेवटचा अध्याय ज्या रीतीने लिहिला जात आहे, ती रीत समाजाला शोभणारी नाही.

आज ऐंशीच्या घरात असलेल्या या माणसांचा जन्म निजामी राजवटीतला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा त्यांतील कित्येक जण आईच्या कडेवर होते. त्यांचे विवाह झाले ते महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याच्या आगेमागे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने त्या वेळी वधूसाठी पंधरा आणि वरासाठी अठरा वर्षे ही किमान मर्यादा घातली होती. खेड्यापाड्यांतून तीही सर्रास ओलांडली जात असे. १९७८ साली ती अठरा आणि एकवीस झाली. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, त्या दिवशी या जोडप्यांच्या संसाराला वीस वर्षे होऊन गेली होती. लग्न लवकर झाले म्हणून संसार लांबला, हे त्यामागचे एक कारण होय. आणि ते अभिमानाने सांगण्याजोगे नाही. तेरा-चौदाव्या वर्षी माहेर सुटलेल्या मुलीने तो विवाह निवडलेला नव्हता. दीर्घ संसाराचे गोडवे गाताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

दुसरे कारण आयुर्मानाचे. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे बत्तीस वर्षांच्या आसपास होते. २०१६-२० या काळात ते सत्तर वर्षांवर गेले. जुन्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा फार मोठा होता हे खरे. तथापि पटकी, देवी, हिवताप आणि बाळंतपण यांनी भर तारुण्यात मोडलेले संसारही त्या काळी कमी नव्हते. 'अखंड सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद मोठ्या कळकळीने दिला जाई, याचे कारण ती गोष्ट सहजासहजी घडत नसे. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचे सहस्रचंद्रदर्शन करण्याची आपली प्रथा आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस धरले, तर हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने लागतात. पूर्वी हा सोहळा गावात क्वचित होत असे. आज नवराबायको दोघांनीही ऐंशी ओलांडलेली घरे ही अपूर्वाई राहिलेली नाही. पन्नास-साठ वर्षांचा संसार ही वस्तुतः आपल्या समाजातील एक नवी वस्तू आहे, आणि नव्या वस्तूसाठी जुने शहाणपण पुरे पडतेच असे नाही.

बोलण्यापलीकडचा संसार

या संसारात बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसते? फारसे काहीच नाही. माळवदाच्या घराच्या ओसरीवर बाजेवर बसलेला म्हातारा आणि उंबऱ्याशी तांदूळ किंवा डाळ निवडीत बसलेली म्हातारी. तासन्‌तास दोघांत शब्द नाही. तिने आयुष्यात त्याचे नाव उच्चारले ते उखाण्यात. एरवी 'अहो' किंवा मोठ्या मुलाचे नाव घेऊन 'अमक्याचे बाबा'. त्यानेही तिला 'ऐकलं का' यापलीकडे हाक मारलेली नाही. शहरी वाचकाला हा रुक्षपणा वाटण्याचा संभव आहे. पण त्याचे दात गेल्यापासून पानाचा विडा ती छोट्या खलबत्त्यात कुटून त्याच्या हातावर ठेवते. भाकरी दुधात किंवा वरणात किती वेळ भिजली म्हणजे त्याला गिळता येते, हे तिला ठाऊक असते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला की अंधार पडण्यापूर्वी अंगणातली खाट, बादली, दोरी वाटेतून बाजूला सारण्याचे काम तो न सांगता करू लागतो. जन्मभर चुलीपाशी न फिरकलेला माणूस तिच्या शस्त्रक्रियेनंतर चहा करायला शिकतो आणि तो पाणचट झाला म्हणून बोलणी खातो. भांडणही थांबलेले नसते. चाळीस वर्षांपूर्वी विकलेल्या बैलाच्या किमतीवरून ते आजही निघू शकते. परंतु ते भांडण ज्याच्याशी करता येईल असा दुसरा माणूस जगात उरलेला नसतो, आणि हे दोघांनाही कळत असते.

या वयात प्रवासाचे निमित्तही बदलते. ऑगस्ट २०२२ पासून राज्य परिवहनाच्या गाडीत पंचाहत्तरी उलटलेल्यांना विनामूल्य प्रवास मिळाला आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे लागू झाले. जन्मभर तिकिटाच्या पैशापायी एकट्या पुरुषाने तालुक्याला जाऊन यायचे, ही ज्या घराची रीत होती, तेथील दोघेही आता अंगारकीला राजूरच्या गणपतीला किंवा डोळ्यांच्या तपासणीला जालन्याला एकत्र निघू शकतात. सरकारी निर्णयांचे मोल अनेकदा अंदाजपत्रकात दिसत नाही. साठ वर्षांच्या संसारात प्रथमच शेजारी बसून केलेल्या प्रवासात ते दिसू शकते.

एक कोयता

हे सहजीवन प्रेमाच्या व्याख्यांतून उभे राहिलेले नाही. ते श्रमांतून उभे राहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली. नवऱ्याने खणायचे आणि बायकोने पाटी वाहायची. मिळेल ती सुकडी मुलांना चारायची आणि रेशनच्या लाल मिलोची भाकरी स्वतः खायची. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला. आजच्या अनेक वृद्ध जोडप्यांच्या सहजीवनातील पहिली मोठी परीक्षा ती होती. शेवटची मोठी परीक्षा २०१२-१३ च्या अवर्षणाची. त्या वर्षी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या आणि कुऱ्हाड चालवण्याची पाळी वृद्ध हातांवर आली.

जिल्ह्याच्या मंठा, परतूर, घनसावंगी आणि अंबड या भागांतून दर वर्षी ऊसतोडीला मजूर जातात. या धंद्यात मजुरीचे एकक 'कोयता' हे आहे, आणि एक कोयता म्हणजे सामान्यतः एक जोडपे. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकटा माणूस गेला तर त्याला 'अर्धा कोयता' म्हणतात. विवाहसंस्थेचे इतके रोकडे आर्थिक वर्णन कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९८१ साली कुटुंबावर स्वतंत्र ग्रंथ लिहून कुटुंब हे उत्पादनाचे एकक कसे असते ते मांडले. उसाच्या फडाला ही गोष्ट त्याआधीच ठाऊक होती. मात्र फडाला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. कोयता दोघांचा असला तरी हिशेब पुरुषाच्या हाती येतो. अमर्त्य सेन यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात कुटुंबाकडे एकाच वेळी सहकार्य आणि संघर्ष यांचे क्षेत्र म्हणून पाहिले, ते याच अर्थाने. दोघे मिळून कमावतात. वाटा ठरताना मात्र ज्याचे श्रम डोळ्यांत भरतात त्याचे पारडे जड होते.

आणि स्त्रीचे श्रम डोळ्यांत भरत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर घरकामात हात घालणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. शेतकऱ्याला म्हातारपणी शेतातून निवृत्ती मिळते. त्याच्या बायकोला चुलीपासून ती मिळत नाही. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले की दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत नातवंडांची शाळा, शेळी, राखणीचे घर आणि आजारी नवरा ही सर्व तिच्याच अंगावर असतात. वृद्धांना 'अवलंबित' म्हणून मोजणाऱ्या कोष्टकांत या कामाला रकाना नाही.

आईबापांची पाळी

एवढे सगळे निभावून नेलेल्या या जोडप्यांवर अखेरीस जो प्रसंग येतो, तो दुष्काळाहून क्रूर म्हणावा लागेल. मुले वेगळी होतात, जमीन वाटली जाते, बैल, विहिरीचे पाणी, भांडी यांचे वाटे पडतात, आणि शेवटी एक प्रश्न उरतो: म्हातारा-म्हातारी कोणाकडे? मग आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे, किंवा दोघांनाही महिन्या-महिन्याच्या पाळीने. धाकट्याला लहान मुले आहेत म्हणून आई तिकडे; थोरल्याच्या शेतावर राखणीला माणूस हवे म्हणून वडील इकडे. कधी एक मुलगा गावात असतो आणि दुसरा छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला. मग हे अंतर एका भिंतीचे न राहता शेकडो किलोमीटरचे होते. या व्यवस्थेत कोणी उपाशी राहतो असे नाही. मुले दुष्ट असतात असेही नाही. दोन-तीन एकरांच्या तुकड्यावर ज्याला स्वतःचे घर चालवता येत नाही, त्याला दोन म्हाताऱ्या माणसांचा भार एकट्याने पेलवत नाही, ही वस्तुस्थिती आहे. हिशेब चुकीचा नसतो. परंतु त्या हिशेबात एक संसार मोडतो आणि तो मोडला याची नोंद कोठेच होत नाही. उमेदीत जे दोघे मिळून एक कोयता होते, ते वार्धक्यात दोन अर्धे होतात.

खलबत्त्यात विडा कुटणारा हात एका घरी राहतो आणि विडा खाणारे तोंड दुसऱ्या घरी. सून कर्तव्यदक्ष असेल, ती वेळेवर ताट वाढील. पण भाकरी किती वेळ भिजवायची हे तिला कोणी सांगितलेले नसते, आणि सासरे तोंडाने सांगणार नाहीत. औषधाची गोळी देणारे माणूस आणि 'आज यांना बरे नाही' हे नुसत्या खोकल्यावरून ओळखणारे माणूस, या दोघांत फरक असतो.

१९७० साली रंगभूमीवर आलेल्या वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' या नाटकाचे मूळ शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये आहे, हे सर्वश्रुत आहे. दोन्ही नाटकांतील वृद्ध पुरुष हयातीतच आपले सर्वस्व मुलांत वाटून टाकतो आणि त्याची फळे भोगतो. पण शेक्सपिअरचा लिअर रंगमंचावर येतो तो एकटा. त्याची राणी नाटकात नाही. शिरवाडकरांनी आपल्या अप्पा बेलवलकरांना कावेरी दिली. हा बदल करताना मराठी नाटककाराला मराठी घर नेमके ठाऊक होते. आपल्याकडे वार्धक्याची शोकांतिका एकट्या माणसाची नसते. ती दोघांची असते, आणि तिचा खरा दाह दोघांपैकी एकाला गमावण्यात असतो. ते गमावणे मृत्यूने घडले तर माणूस नशिबाला बोल लावतो. वाटणीपत्राने घडले तर बोल कोणाला लावायचा?

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचा विवाह १८४० साली झाला. १८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला आणि उजवा हात निकामी झाला. तरी डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुरा केला, तो त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले तेव्हा त्या सहजीवनाला पन्नास वर्षे झाली होती. अंत्ययात्रेत टिटवे धरून पुढे चालल्या त्या सावित्रीबाई. ते कृत्य रूढीला आव्हान होते यात संशय नाही. पण पन्नास वर्षे जिने प्रत्येक वाट सोबत चालली, तिने शेवटची वाटही सोबत चालावी, एवढा साधा अर्थही त्यात होता.

कायदा काय देतो आणि काय देत नाही

वृद्धांसाठी शासनाने काहीच केलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८० च्या संजय गांधी निराधार योजनेपासून राज्याने या क्षेत्रात पाऊल टाकले. पासष्ट वर्षांवरील गरिबांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे मासिक अर्थसाहाय्य २०२३ साली १,००० रुपयांवरून १,५०० रुपये करण्यात आले. मात्र पात्रतेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपये राहिली. म्हणजे दिवसाला साधारण ५७ रुपये. राष्ट्रीय योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांसाठी केंद्राचा वाटा २०० रुपये, तो दीड दशकाहून अधिक काळ हलला नाही. शिवाय आपण जिवंत आहोत याचा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि जन्मभर खुरपे धरलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नाही. तरीही या रकमेचे एक महत्त्व आहे. ती दोघांच्या स्वतंत्र नावावर येते. ज्या म्हातारीच्या नावे आयुष्यात कधी पैसा आला नव्हता, तिच्या नावे तो प्रथमच येतो, आणि त्या बळावर दोघांची वेगळी चूल पेटू शकते. वेगळी चूल म्हणजे मुलांशी वैर नव्हे. बहुधा ती मुलांशी गोडी टिकवण्याची पहिली अट असते.

आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीचा कायदा २००७ साली झाला. त्यानुसार न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्याच्या तेविसाव्या कलमाने, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मिळवण्याची वाट ठेवली आहे. पण बक्षीसपत्र करून देताना ती अट कागदावर लिहून घेण्याचे भान किती बापांना असते? हा कायदा अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी यांची भाषा बोलतो. पतिपत्नींना एकमेकांपासून वेगळे करू नये, अशी भाषा तो बोलत नाही. आईला एका मुलाने आणि बापाला दुसऱ्याने व्यवस्थित पोसले, तर कायद्याच्या दृष्टीने तक्रारीला जागाच उरत नाही.

जमिनीच्या बाबतीत तर जुने शास्त्र आजच्या व्यवहाराहून उदार होते. आपल्या भागात चालत आलेल्या मिताक्षरा परंपरेनुसार बाप आणि मुले यांच्यात वाटणी झाली तर आईला मुलाइतका वाटा मिळतो. तिला स्वतःहून वाटणी मागता येत नाही, एवढेच. प्रत्यक्षात तो वाटा कागदावर क्वचितच येतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले आणि त्यानंतर काही वर्षांतच शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा एक हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावे करावा. त्या हाकेला अनेक गावांनी प्रतिसाद दिला. तिच्यामागे न्यायाची दृष्टी होती. आज त्याच कृतीला वार्धक्याच्या विम्याचे मोल आले आहे. कारण सातबारावर नाव असलेली आई कोणाच्या पाळीला जात नाही. मुलेच तिच्याकडे येतात.

ही गोष्ट स्त्रीच्या दृष्टीने अधिकच निकडीची आहे. नवरा वयाने मोठा आणि स्त्रीचे आयुष्य अधिक, यामुळे दीर्घ संसाराचा शेवट बहुधा तिच्या एकटेपणात होतो. २०१७-१८ च्या देशव्यापी वार्धक्य अध्ययनानुसार साठीपुढील स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक विधवा होत्या; पुरुषांत विधुरांचे प्रमाण सुमारे सहांत एक होते. म्हणजे म्हाताऱ्याला शेवटपर्यंत सोबत मिळण्याचा संभव अधिक, आणि म्हातारीला ती न मिळण्याचा. ज्यांच्या वाट्याला दोघे मिळून काढण्याची पाच-सात वर्षे उरली आहेत, त्यांची ती वर्षे तरी वाटणीच्या सोयीसाठी कापून घेऊ नयेत.

यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. वाटणी करताना थोडी जमीन आणि राहत्या घराची एक खोली आईवडिलांच्या जोडनावाने, दोघांपैकी मागे राहील त्याच्या हयातीपर्यंत, राखून ठेवावी. निर्वाहाचा निर्णय देताना न्यायाधिकरणाने दोघांना एकत्र ठेवण्याचा आग्रह धरावा. हयातीचा दाखला तलाठ्याने किंवा ग्रामसेवकाने घरी येऊन द्यावा. आणि बैठकीला मुलींनाही बोलवावे. आईबाप एका छपराखाली राहावेत हे त्या जितक्या स्पष्ट बोलतील, तितके दुसरे कोणी बोलणार नाही.

जालन्यात मंगलाष्टके अजूनही म्हटली जातात आणि 'सावधान' हा शब्द अजूनही मंडपात घुमतो. तो ऐकण्याचे वय नवरानवरींचे असते, आणि त्या वेळी त्याचा अर्थ कोणालाच कळत नाही. साठ वर्षांनी घरात पंच बसतात, मोजणीची साखळी शेतात फिरते, भांड्यांचे वाटे पडतात आणि कोणीतरी विचारते, 'आई कोणाकडे, बाप कोणाकडे?' त्या शब्दाची खरी गरज त्या घटकेला असते. तेथे तो उच्चारणारा एखादा मुलगा, एखादी सून, एखादी लेक निघाली, तर एक संसार जसा सुरू झाला तसाच, दोघांनी मिळून, पुरा होईल.